पहिला उद्गार

“यांना दुसरा कुठलाही दे, हेप्सी, पण पहिला उद्गार देऊ नकोस,” आई म्हणाल्या.

मी गॅसपाशी उभी राहून जेमिमासाठी नाचणीचं सत्त्व ढवळत होते. गुठळी राहिली तर लेकरू ठसकेल, या धास्तीनं माझा सगळा जीव त्या पातेल्यात होता. आई म्हणजे माझ्या सासूबाई. खाली बसून लसूण सोलत होत्या, आणि बोलल्या त्याही लसणाकडं बघतच.

“का हो? अण्णांइतकं चांगलं कोण बोलतं आपल्या मंडळीत?”

“म्हणूनच.”

“म्हणूनच म्हणजे?”

“त्या उद्गाराच्या आड एक मोडलेलं लग्न आहे. बाकीचं मला विचारू नकोस. सत्त्व खाली लागतंय बघ.”

सत्त्व खरंच लागलं होतं. पातेलं उतरवायच्या गडबडीत आईंचं बोलणं मी कानाआड केलं ते केलंच. म्हाताऱ्या माणसांचं असतं काहीतरी, म्हटलं.

शुभ शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्या मंडळीच्या देवळात, चर्चमध्ये, भर दुपारी उपासना असते. वधस्तंभावरून प्रभू सात वेळा बोलला. त्यातला एकेक उद्गार मंडळीतल्या एकेका माणसाला देतात आणि त्यानं त्यावर बोलायचं. पाळक, म्हणजे आमचे पाद्री, नुसते बसून ऐकतात. बोलतात ते कंपाउंडर, शिक्षिका, एस.टी.तले कंडक्टर. कुणाला कुठला उद्गार मिळाला यावरून रुसवेफुगवेही होतात. अण्णांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, ‘मला तहान लागली आहे’ हा तहानेचा उद्गार ठरलेला. भूगोलाचे मास्तर म्हणून निवृत्त झालेला माणूस. ते तहानेवर बोलायला लागले की आमच्या तालुक्यातल्या आटलेल्या विहिरी आणि टँकरमागं कळशा घेऊन धावणाऱ्या बाया डोळ्यांपुढं उभ्या राहायच्या.

त्या वर्षी पाळकसाहेब नवे होते. मी एम.ए. झालेली सून, म्हणून उद्गार वाटून द्यायचं काम त्यांनी माझ्यावर टाकलं. पहिला उद्गार बोर्डे सरांकडं असायचा, पण त्यांचं नेमकं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. मला वाटलं, सुरुवातीला माणूस पक्का हवा. तहानेवर काय, कुणीही बोलेल. पहिला उद्गार म्हणजे क्षमेचा. बापा, यांना माफ कर, आपण काय करतोय ते यांना कळत नाही, असं प्रभूनं खिळे ठोकणाऱ्यांसाठी मागितलं तो.

अण्णांना सांगितलं तेव्हा ते परसात शेवग्याच्या शेंगा काढत होते. हातातली आकडी तशीच वर राहिली.

“बोर्डे फारच आजारी आहे का?”

“डोळ्याचं आहे, अण्णा. पट्टी असेल.”

“दुसरं कुणी नाही?”

“तुमच्याइतकं छान कोण बोलणार?”

“छान,” अण्णा म्हणाले. जिभेवर खवट शेंगदाणा यावा तसा तो शब्द त्यांनी तोंडात फिरवला. मग आकडी झाडाला टेकवून ठेवली. “बरं. आलाय तर आलाय.”

माझा स्वभाव नजर ठेवण्याचा. जेमिमा झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरून बघायची, श्वास चाललाय ना. त्या आठवड्यात मला अण्णांच्याही नाकाखाली बोट धरावंसं वाटायला लागलं. परसातल्या बाजेवर ते तासन्‌तास बसत. मांडीवर पवित्र शास्त्र, पण मिटलेलं. चहावर साय धरायची. एरवी जेमिमाला खांद्यावर घेऊन नद्यांची नावं म्हणून दाखवणारा माणूस तिच्याकडं बघून न बघितल्यासारखा करायला लागला. एका दुपारी कप उचलायला गेले तर म्हणाले, “हेप्सी, तू शिकलेली आहेस. एखादा माणूस खरं बोलला, आणि तेच त्याचं पाप झालं, असं होऊ शकतं का?”

“खरं बोलण्यात कसलं आलंय पाप, अण्णा?”

“सगळे हेच म्हणाले,” अण्णा म्हणाले आणि गार चहा एका घोटात पिऊन टाकला.

शुक्रवारी देऊळ गच्च भरलं होतं. वेदीवर काळं कापड, बायका पांढऱ्या साड्यांत. मी दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसले, जेमिमाला वारा लागावा म्हणून. आई माझ्या शेजारी. पहिलं गीत झालं आणि अण्णा वर गेले. वचन वाचलं. चष्मा काढून हातात धरला. माणसं सरसावून बसली.

“शिपायांना कळत नव्हतं,” अण्णा म्हणाले. “त्यांना हुकूम होता, त्यांनी खिळे ठोकले. त्यांच्यासाठी प्रभूनं हे मागितलं. फार वर्षांपूर्वी मी याच जागी उभा राहून या उद्गारावर बोललो होतो. इथली जुनी माणसं सांगतील, फार वाहवा झाली होती.”

ते थांबले. जुन्या माणसांपैकी कुणीतरी मान डोलावली.

“आज मला बोलता येत नाही. कारण मला कळत होतं.”

मला वाटलं, हे बोलण्याचं वळण आहे, आता विहिरी येतील. पण अण्णा पाळकसाहेबांकडं वळले. “साहेब, माझं एक काम राहून गेलंय. ते आधी करतो.” आणि पायऱ्या उतरून सरळ मधल्या वाटेनं चालत आले, दारातल्या चपलांच्या ढिगात आपल्या शोधल्या, आणि बाहेर पडले.

पाळकसाहेब बिचारे तरुण. त्यांनी घाईनं एक गीत काढलं. पेटीवाल्याला सूर सापडेना.

आई जागच्या हलल्या नाहीत. “जा त्यांच्यामागं,” मला म्हणाल्या. “छत्री घे.”

“तुम्ही चला ना.”

“माझं काय काम तिथं? मी इतकी वर्षं थांबलेय, अजून तासभर थांबते.”

बाहेर ऊन नुसतं ओतल्यासारखं. जेमिमा कडेवर, छत्री एका हातात, अशी मी जवळजवळ धावत गेले आणि त्यांना गाठलं.

“अण्णा, घरी चला. गोळी घेतलीत ना सकाळची?”

“घेतली. लेकराला कशाला आणलंस उन्हात?”

“कुठं चाललाय तुम्ही?”

“मालनकडं.”

मालन अमोलिक यांना मी तोंडओळखीनं ओळखत होते. उंच, ताठ बाई. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, एकट्याच राहायच्या. आमच्या देवळापासून चार गल्ल्यांवर घर, पण त्या जायच्या स्टेशनाकडच्या दुसऱ्या मंडळीत. त्यांच्याकडं शुक्रवारची उपासना सकाळीच आटपते. अण्णा बाजारात जाताना नेहमी जुन्या जिनिंग मिलला वळसा घालून जायचे. मी समजत होते, पाय मोकळे करायला जातात. आज ते सरळ त्या गल्लीत शिरले तेव्हा मला कळलं, वळसा कशाला होता ते.

“तुमच्या लग्नाआधी सोलापूरला तीन रविवार घोषणा झाली होती ना?” त्यांनी चालता चालता विचारलं.

“झाली होती की.”

“घोषणा वाचून झाली की काय विचारतात?”

“कुणाची हरकत असेल तर सांगावी.”

“उठतं का कुणी?”

मला हसू आलं. “कोण उठणार, अण्णा?”

“मी उठलो होतो.”

मग त्यांनी सांगितलं. नव्यानं मास्तरकी लागली होती तेव्हाचं. ईस्टरआधीचा उपासकाळ चाललेला, मालनबाईंचं लग्न सणानंतर ठरलेलं. मुलगा राहुरीकडचा, चांगला. तिसरी घोषणा झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे शुभ शुक्रवाराच्या आधीच्या रविवारी, झाली. मालनबाईंची आई कित्येक वर्षं घरात नव्हती. नागपूरला बहिणीकडं असते, असं सांगायचे. ती खरं तर डोंगरापलीकडं, महारोग्यांच्या मिशन दवाखान्यात होती. अण्णांचे एक चुलते तिथं नोकरीला, त्यामुळं त्यांना ठाऊक. हरकतीचं विचारल्यावर अण्णा उठले आणि भर मंडळीत ते सांगून टाकलं. मुलाकडची माणसं तिथूनच उठून गेली. मालनबाईंचं पुढं लग्न झालंच नाही.

“पण ते खोटं नव्हतं ना?” मी म्हटलं. मला त्यांना सावरून घ्यायचं होतं.

“नाही. म्हणून तर इतकी वर्षं टिकलो.”

मालनबाई अंगणात होत्या. बाजेवर पांढरं धोतर अंथरून कुरडया वाळत घातलेल्या, हातात कावळे हाकायची काठी.

“कोण आहे? बाजूला हो, सावली पडतेय,” त्या म्हणाल्या, आणि मग वर बघितलं. काठी हळूच खाली टेकली. “तू होय. ही कोण?”

“सून. हेप्सी.”

“लेकरू लालबुंद झालंय. आत आण त्याला. तूही ये, आलाच आहेस तर.”

आत शहाबादी फरशी गार होती. त्यांनी मला माठातलं पाणी दिलं, जेमिमाच्या पुढ्यात एक डबा आणि चमचा ठेवला. मी आधी चमच्याला कड तर नाही ना, ते बघून घेतलं. अण्णा उंबऱ्याच्या आत उभेच.

“उपासना टाकून आलास?”

“हो.”

“तहानेवर फार सुंदर बोलतोस म्हणतात. आमच्याकडच्या बायका सांगत असतात.”

“यंदा पहिला उद्गार होता.”

मालनबाईंनी पेला खाली ठेवला. “बस,” म्हणाल्या.

अण्णा खुर्चीच्या काठावर बसले. “मालन, मी तुझी क्षमा मागायला आलोय.”

“कशाबद्दल?”

“त्या रविवारबद्दल.”

“खोटं बोलला होतास का त्या रविवारी?”

“नाही.”

“माझ्या आईला रोग होता?”

“होता.”

“आम्ही लपवलं होतं?”

“लपवलं होतं.”

“मग क्षमा कशाची? तू तुझं कर्तव्य केलंस. तुझे पाळक तेव्हा माझ्या बापूंना हेच म्हणाले. दिनकर, मी उभी हयात टेलिफोनवर बसले. अर्धा नंबर सांगितला की लाइन लागत नाही. नीट सांग.”

अण्णांनी खिशातून रुमाल काढला, आणि न वापरताच परत ठेवला.

“त्याच्या आदल्या नाताळात मी माझ्या मामांना तुमच्याकडं पाठवलं होतं. माझ्यासाठी विचारायला.”

“आठवतंय. बापूंनी नाही कळवलं.”

“हो.”

“नाही मी म्हटलं होतं. बापू तयार होते.”

“तेही मला कळलं होतं.” अण्णांचा आवाज अगदी खाली आला. “मालन, तुझ्या आईचं मला तेव्हाही ठाऊक होतं. ठाऊक असूनच मामांना पाठवलं. मला स्वतःला लग्न करायचं होतं तेव्हा तो रोग आड येत नव्हता. तू दुसऱ्याकडं निघालीस तेव्हा आला.”

जेमिमा डब्यावर चमचा आपटत होती. तो मी तिला आपटू दिला.

“मंडळीची फसवणूक होऊ नये म्हणून उठलो, असं मी सगळ्यांना सांगितलं,” अण्णा म्हणाले. “स्वतःलाही सांगितलं. पण उठताना मला गोड वाटत होतं. ती चव मला अजून आठवते.”

मालनबाईंनी दाराबाहेर, कुरडयांकडं बघितलं. एक कावळा उतरला होता. त्यांनी त्याला हाकललं नाही.

“आणि त्याच आठवड्यात तू आम्हाला क्षमा केलीस,” त्या म्हणाल्या. “शुक्रवारी. बापूंनी बळंच आणलं होतं मला, घरी राहिलो तर लोक काय म्हणतील म्हणून. तिसऱ्या बाकावर होते मी. तू वर उभा राहून म्हणालास, ज्यांनी लपवलं त्यांनाही कळत नव्हतं, बापा, त्यांनाही माफ कर. सगळी मंडळी आमेन म्हणाली. मीसुद्धा म्हटलं, दिनकर.”

अण्णांचा चेहरा पिळवटला. खांदे हलायला लागले.

“थांब. आत्ता रडू नकोस,” मालनबाई म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण अण्णा गप्पकन थांबले. “तू रडलास की मला तुला पाणी द्यावं लागेल, आणि माझं बोलायचं राहून जाईल. फार वर्षं राहून गेलंय.”

त्या उठल्या, भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

“तू खरं बोललास, देवासाठी बोललास, असं मी धरून चालले. अशा माणसावर राग कसा धरायचा? आणि राग तर होता. घरभर होता. मग तो मी आईवर काढला. तिनं हा रोग आणला, म्हणून माझं असं झालं. पुढं नवी औषधं आली. ती बरी झाली, दिनकर. पूर्ण बरी. बोटं गेली होती तेवढीच. डॉक्टरांनी निरोप पाठवला, घरी न्या. बापू म्हणाले, मालन म्हणेल तसं. मी म्हटलं, नको. उन्हाळा आहे, नंतर बघू. मग पावसाळा आहे, नंतर बघू. ती तिथंच गेली. मातीलाही गेले नाही मी.”

अण्णा मान खाली घालून ऐकत होते.

“हे आज जे सांगितलंस ना, मामांचं, ते तेव्हा येऊन सांगितलं असतंस, तर मी तुला चपलेनं मारलं असतं. भर गल्लीत. आणि आईला घरी घेऊन आले असते.”

कावळ्यानं एक कुरडई उचलली आणि तो उडून गेला.

“मी काय करू, मालन?” अण्णा म्हणाले.

“क्षमा केली म्हणायला हवी का मी? म्हणते. केली. पण ती घेऊन तू हलका होऊन घरी जाशील आणि मी इथं कावळे हाकत बसेन. मला आईकडं जायचंय. कुठं ठेवलंय तिला, मला ठाऊक नाही. एकटीचा धीर होत नाही. तू चल. वाट तुला माहीत आहे. तूच तर सगळ्या गावाला सांगितली होतीस.”

“कधी?”

“सण होऊ दे. सोमवारी.”

दारातून निघताना त्यांनी जेमिमाच्या हातावर कुरडईचा कच्चा चीक लावला. तो तिनं चाटला आणि मी पुसायला धावले नाही, हे माझ्या घरी आल्यावर लक्षात आलं.

आई ओट्यावर बसल्या होत्या. अण्णा त्यांच्यापुढं उभे राहिले. “सांगितलं,” एवढंच म्हणाले.

“मला लग्नानंतर वर्षभरात सांगितलं होतंत,” आई म्हणाल्या. “मी तेव्हाच म्हटलं होतं, मला सांगून काय उपयोग. हातपाय धुवा.”

पुनरुत्थानाच्या दिवशी, ईस्टरच्या रविवारी, मंडळीच्या सूचना वाचून झाल्यावर अण्णा पुन्हा उठले. हरकतीचं कुणी विचारलेलं नव्हतं, त्या दिवशी कुणाच्या लग्नाची घोषणाही नव्हती. मामांना पाठवल्यापासून सगळं त्यांनी साध्या वाक्यांत सांगितलं. एकही विहीर आली नाही. मंडळीच्या कारभारातलं आपलं पंचपण सोडतो म्हणाले आणि बसले. बाहेर आल्यावर लोक कुजबुजत होते. सणाच्या दिवशी कशाला उकरून काढायचं, असं कुणी म्हणालं. डोळ्याला हिरवी पट्टी लावलेले बोर्डे सर आले, अण्णांचा हात हातात घेऊन म्हणाले, “सलाम, मास्तर,” आणि गेले. दोन घरांनी आमच्याकडं सणाचा फराळ पाठवायचा बंद केला तो कायमचा.

सोमवारी आम्ही तिघं एका ओळखीच्या जीपनं निघालो. अण्णांच्या तब्येतीसाठी मी बरोबर. जेमिमाला आईंपाशी ठेवलं होतं. रोग बरा झालेल्या माणसापासून कुणाला काही होत नाही, हे मी कॉलेजात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं. तरी ठेवलं.

“लेकरू नाही आणलंस?” जीपमध्ये बसता बसता मालनबाईंनी विचारलं.

“ऊन फार आहे ना.”

“हं,” त्या म्हणाल्या. “मीही उन्हाचंच सांगायचे.”

घाट लागेपर्यंत मला मान वर करवेना.

घाटात अण्णा म्हणाले, “रविवारच्या शाळेत मी पोरांना शिकवायचो, पश्चात्ताप म्हणजे पापाचं दुःख. दर वर्षी उपासकाळात मी रडायचो, मालन. खरोखर रडायचो.”

“दुःख होतं रे तुला. नाही कोण म्हणतं?” मालनबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. “पण तोंड होतं जिनिंग मिलकडं. पश्चात्ताप झाला की माणूस माघारी फिरतो. तू आपला वळसा घालून रडत होतास.”

“आणि तू?”

“मी? मी तर रडलेसुद्धा नाही. आज फिरलेय, बघू.”

दवाखाना आता दवाखाना राहिलेला नव्हता. रोगी नवे येत नाहीत. कौलारू चाळीत म्हातारी झालेली, बरी झालेली, पण कुणी न्यायला न आलेली माणसं राहतात. व्हरांड्यात एक बाई बसली होती, गोजराबाई. बोटांच्या जागी खुंट, पण केस चापूनचोपून विंचरलेले. मालनबाईंनी आईचं नाव सांगितलं.

“ताराबाई? माझ्या शेजारच्या खाटेवर होती की. तू मालन का गं?” आणि तिनं त्या खुंटांनी मालनबाईंचं मनगट धरलं. “चल, दाखवते.”

मागं करंजाची झाडं आणि मातीचे उंचवटे. क्रूस बहुतेक मोडून पडलेले. गोजराबाई न चुकता एका उंचवट्यापाशी थांबली. त्यावर गुडघाभर गवत माजलं होतं. मालनबाई खाली बसल्या. तळवा मातीवर ठेवला.

“आई, मालन आलेय,” म्हणाल्या. “उशीर झाला.”

पुढचं मी ऐकलं नाही, लांब जाऊन उभी राहिले. अण्णा थोडा वेळ तसेच थांबले, मग शर्टाच्या बाह्या दुमडून गवत उपटायला बसले. ताराबाईंची माती स्वच्छ झाली तशी ते शेजारच्या मातीकडं सरकले, मग तिच्या शेजारच्या. ऊन कललं तरी उठेनात. हात चिरले होते. मालनबाईंनी शेवटी जवळ जाऊन म्हटलं, “दिनकर, पाणी पी आता,” आणि बाटली पुढं केली.

त्यानंतर दर उन्हाळ्यात दोघं तिथं जायची. अण्णा गेले, त्यांच्या मातीला मालनबाई आमच्या घरच्यांत उभ्या होत्या. नंतर त्यांचेही गुडघे गेले. आता मी जाते, जेमिमाला घेऊन. ती सातवीत आहे. पहिल्या खेपेला गोजराबाईनं तिच्या गालावरून हात फिरवला तेव्हा माझा श्वास अडकला होता, हे कबूल करते. पोर मात्र खुशाल तिच्या मांडीला टेकून बसली.

गोजराबाई अजून आहे. डोळे गेलेत. दर वेळी एकच विचारते, “आमच्या गावचं कुणी आलंय का?” गाव कवठेमळा, नदीकाठचं. मुलगा रंगनाथ, त्याची एस.टी. स्टँडपाशी पिठाची गिरणी होती. तो लहान असताना तिला इथं आणून सोडलं. नातू झालाय असं तिच्या कानावर आलंय, त्याचं नाव तिला हवंय. मागच्या महिन्यात मी कवठेमळ्याला जाऊन आले. गिरणी बंद आहे. माणसं भोसरीकडं गेली म्हणाले, नक्की कुठं ते कुणी सांगेना, आणि मी कुठून आले ते कळल्यावर तर दारंच लागली.

तुमच्यापैकी कुणी त्या बाजूचं असेल, रंगनाथला ओळखत असेल, तर त्याला एवढं सांगा की तुझी आई बरी होऊन फार वर्षं झाली. आणि तो सापडला नाही, किंवा उन्हाचं काही सांगायला लागला, तर निदान तुम्ही एकदा जाऊन तिला बघून या. घाट उतरला की डाव्या हाताला कौलारू चाळ आहे. ऊन कललं की ती व्हरांड्यात येऊन बसते. पावलं वाजली की गाव विचारील. तुमचं जे असेल ते सांगा, आणि थोडं बसा.